कापलेला प्रश्न

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. हे आधीच लिहून टाकते, कारण फोन केला की तू ‘सगळं ठीक ना?’ विचारतोस, मी ‘हो’ म्हणते आणि तू ‘बरं मग’ म्हणून फोन ठेवून देतोस. तुझ्या त्या ‘बरं मग’च्या पुढे मला आजवर जाता आलेलं नाही. तू इथून गेलास तेव्हा माझी लेक पोटात होती आणि आता ती कॉलेजात जाते. एवढ्या वर्षांत तू एकदाही या गावात पाऊल टाकलेलं नाहीस. दर वेळी मीच तिला घेऊन तुझ्याकडे यायचं, तू स्टेशनवर न्यायला यायचं आणि गावाचा विषय निघाला की तू चहाला उठायचं. तेव्हा आता हे पत्र. दुकानात चष्म्याचं गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, आणि एका बैठकीत वाच.

आधी खोलीची बातमी. वेल्डरकाकांनी त्यांच्या दुकानावरची आपल्या चॅनलची खोली अजून कुणाला दिलेली नाही. कुणी विचारायला आलं की सांगतात, वर उंदीर झालेत, छप्पर गळतं, तुम्हाला नाही परवडणार. उंदीरबिंदीर काही नाहीत. गेल्या महिन्यात तुझ्या भाचीने किल्ली मागितली. तिला कॉलेजसाठी एक छोटी फिल्म करायची आहे, विषय घेतलाय आपल्या गावचं केबल चॅनल. दार उघडून ती आत गेली आणि हसतच सुटली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, आई, भिंत एवढीच निळी का? मला तर विसरच पडला होता, की तू कॅमेऱ्यात दिसेल तेवढाच चौकोन रंगवला होतास. बाकीची भिंत तशीच, पोपडे आलेली. तिला वाटलं होतं, आपला मोठा स्टुडिओ होता. मी तिला त्या चौकोनासमोर उभं केलं आणि दाखवलं की इथून एक पाऊल डावीकडे सरकलं, तरी मी वेल्डरकाकांच्या पाण्याच्या पिंपासकट गावाला दिसले असते.

मग ती एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेले. खालचा ठोकाठोकीचा आवाज बंद व्हावा म्हणून मी बातम्या वाचायला बसायच्या आधी तू जिन्यातून ओरडायचास, ‘काका, घ्या चहा!’ आणि काका हातोडा खाली ठेवायचे. त्यांचा चहा संपेपर्यंत बातम्या संपवायच्या. कपातला चहा उरला असेल तर खेळाच्या बातम्या, नाहीतर थेट हवामान. मग कॅसेट घेऊन तू सायकलवर केबलवाल्याच्या घरी जायचास आणि तो जेवता जेवता डाव्या हाताने ती लावायचा. संध्याकाळी एकदा, सकाळी पुन्हा एकदा. बस, एवढंच होतं आपलं चॅनल. पण काय दिवस होते रे! मी भाजी घ्यायला उभी राहिले, तर भाजीवाली म्हणायची, ताई, काय घडलंय ते आत्ताच सांगा, संध्याकाळी लाइट नसते आमच्याकडे. कुठे उद्घाटन असलं तर कॅमेऱ्याचा स्टँड लागेपर्यंत नगराध्यक्ष फीत कापायचे थांबायचे. एकदा बॅटरी गेली म्हणून बिचाऱ्यांनी तीच फीत गाठ मारून पुन्हा कापली, आणि सगळ्या गावाला टीव्हीवर ती गाठ दिसली.

‘उद्या’चा घोळही सांगितला तिला. मी संध्याकाळी वाचलं, उद्या पाणी येणार नाही. तीच कॅसेट सकाळी परत लागली, तेव्हाही मी त्याच तोऱ्यात सांगितलं, उद्या पाणी येणार नाही. रात्री ज्यांनी बघितलं त्यांनी बादल्या भरून ठेवल्या होत्या. सकाळी ज्यांनी बघितलं ते निवांत अंगाला साबण लावून नळाखाली बसले. दुपारपर्यंत जिन्यात ही गर्दी! एक जण तर कानात साबण तसाच ठेवून भांडायला आला होता. तेव्हापासून तू नियम केलास, आपल्या चॅनलवर काल-आज-उद्या नाही, वाराचं नाव घ्यायचं. माझ्या तोंडात ते इतकं बसलंय, की अजून घरात मी ‘उद्या’ म्हणत नाही. लेक चिडवते, आमच्याकडे उद्या उजाडतच नाही, गुरुवार उजाडतो.

आणि अर्थात तिने कात्रीबद्दल विचारलं. स्वतःच्या बापाला ऑफिसात सगळे कात्री म्हणायचे याची तिला फार गंमत वाटते. तुझाच मित्र, तूच त्याला आणलास, तूच हे नाव ठेवलंस, आणि माझं त्याच्याशी लग्न ठरलं तेव्हा तूच म्हणालास, बघ हं, बोलता बोलता थांबलीस तर कापून टाकेल. लग्नाच्या कॅसेटी जोडून जोडून त्याचा हात बसला होता. लोक कॅमेऱ्यासमोर नुसते उभे राहतात, कुणाकडे बघावं कळत नाही, ते सगळं काढायचं. त्याचं ठाम मत होतं की पडद्यावरचा माणूस गप्प बसला, की बघणारा उठून दुसरीकडे जातो. माझे श्वाससुद्धा काढायचा तो. नगराध्यक्षांच्या भाषणातलं प्रत्येक अं आणि प्रत्येक अडखळणं काढून त्याने त्यांना असं घडाघडा बोलायला लावलं, की ते स्वतः आभार मानायला आले होते. म्हणाले, मी इतका बरा बोलतो हे मला माहीतच नव्हतं. किती हसलो होतो आपण.

हे सगळं लेकीला हसत हसत सांगितलं, पण तिने पुढचा प्रश्न विचारला. मग बंद का पडलं? मी म्हटलं, सेट-टॉप डबे आले, मोबाइल आले, सगळीकडची बंद पडली. ती म्हणाली, ते नंतर. मामा तर त्याच्या आधीच निघून गेला ना? मग मी तिला गिरणीबद्दल सांगितलं. तुला नको असलेला विषय आहे, मला माहीत आहे. पण आता चहाला उठू नकोस.

सूतगिरणी बंद होणार अशी कुजबुज होती. कापसाच्या गाड्या यायच्या थांबल्या होत्या आणि मालक कुणासमोर येत नव्हते. त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या गिरणीची माणसं आपल्याकडे भरतीला येऊन बसली होती आणि कामगारांना कळत नव्हतं, जावं की राहावं. घरं इथे, पोरांच्या शाळा इथे. तू मालकांच्या मागे लागून लागून मुलाखत मिळवलीस. कात्रीला घेऊन गेलास आणि परत आलास तो अंगात कणकण घेऊनच. पण चेहरा कसा फुललेला होता! मी विचारलं, काय म्हणाले? तू म्हणालास, मंगळवारी सगळं गाव बघेल. आणि जाऊन पडलास. त्या तापाने तुला असं काही धरलं, की पंधरा दिवस तुला जगाची शुद्ध नव्हती.

मंगळवारी गावाने बघितलं. मालक खुर्चीत बसून स्वच्छ शब्दांत म्हणाले, गिरणी बंद होणार नाही, हा माझा शब्द आहे. त्याच्यापुढे मी, निळ्या चौकोनासमोर, पुढची बातमी वाचायला हजर. भरतीची माणसं जवळजवळ रिकाम्या हातांनी परत गेली. आणि तू उठून बसायला लागलास, त्याच सुमारास गिरणीला टाळं लागलं.

गिरणीतले लोक जिना चढून आले तो दिवस मी विसरलेले नाही. मला सातवा महिना होता, मी दाराला धरून उभी होते. तू अशक्त, भिंतीला टेकलेला. पुढे होती ती गिरणीत रिळं भरणारी मावशी, आपल्या मागच्या गल्लीतली. तिच्या नवऱ्याने आपली मुलाखत बघून भरतीतून नाव मागे घेतलं होतं. ती ओरडत नव्हती, तिने नुसतं विचारलं, कापूस का थांबलाय एवढं एक तुला विचारता आलं नाही? तू गोंधळलास. तू एकदा कात्रीकडे बघितलंस. मग मावशीकडे वळून म्हणालास, चुकलं माझं, विचारायचं राहिलं. बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. विकला गेला, मालकाने खिसा भरला, काय काय बोलले. पाटी खाली आली, खुर्च्या जिन्यावरून गेल्या. वेल्डरकाका मध्ये पडले नसते तर कॅमेराही गेला असता. महिन्याभरात तू गावातून गेलास.

पुढे आम्ही दोघांनी चॅनल ओढत नेलं, ते तुला थोडंफार माहीत आहे. बातम्या कुणाला नकोच होत्या आमच्याकडून. वाढदिवसाच्या शुभेच्छा, फर्माइशी गाणी, दुकानांचे सेल. पूर्वी कॅसेट पाच मिनिटं उशिरा लागली तर फोन खणखणायचे. नंतर डबे आले, आपल्या चॅनलचा नंबर गेला आणि एका संध्याकाळी आपल्या जागी नुसता निळा पडदा दिसायला लागला, तर एकाच माणसाचा फोन आला. त्याला विचारायचं होतं, टीव्ही बिघडलाय का. मी फोन ठेवून खूप रडले.

दादा, तू विचारायचं विसरलास यावर माझा एक दिवसही विश्वास बसला नाही. लहानपणी पाहुण्यांना ‘तुम्ही परत कधी जाणार’ विचारून आईचा मार खाणारा तू. तू विसरशील? मी या गावाशी तुझ्यासाठी भांडले. दळणाच्या रांगेत भांडले, शाळेच्या फाटकाशी भांडले, मावशी मला बघून मुद्दाम मोठ्याने तुझा उद्धार करायची तेव्हा तिच्याशीही भांडले. घरी येऊन तावातावाने कात्रीला सांगायचे, आज अमकी असं म्हणाली, मी तिला असं सुनावलं. तो ताटात बघत जेवायचा. एकदाही मान वर केली नाही त्याने. मला वाटायचं, मित्राचं दुःख आहे, बोलवत नाही बिचाऱ्याला.

आता ऐक. लेकीने फिल्मसाठी कुणाकुणाला बोलतं केलं, त्यात ती मावशीकडेही गेली. मी नको म्हटलं होतं, पण ऐकते कुणाचं? मामावर गेली आहे. मावशीने तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं नीट बोलली. मग हिने विचारलं, गिरणी बंद झाल्यावर घर कसं चालवलंत? आणि मावशी गप्प झाली. मोबाइलवर मी बघितलंय ते. हात मांडीवर, नजर दाराकडे, खूप वेळ काही नाही. मधेच एकदा तोंड उघडते आणि मिटते. गेल्या सोमवारी संध्याकाळी लेक जेवणाच्या टेबलावर बसून ते जोडत होती, कात्री तिच्या खांद्यावरून बघत होता. सवयीने त्याचं बोट पुढे आलं, म्हणाला, इथून इथपर्यंत काप, काही बोलत नाहीये ती. लेक म्हणाली, बाबा, हे कसं कापायचं? हेच तर सांगतेय ती.

त्याने बोट मागे घेतलं. मग खुर्चीत बसला आणि आम्हा दोघींना म्हणाला, दादाने विचारलं होतं. मालकांना त्याने तोंडावर विचारलं होतं, बंद करायची नाही, तर कापूस का थांबवलात? आणि मालक गप्प बसले. पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच ठेवला, खिडकीबाहेर बघितलं. दादाही गप्प, तो उत्तराची वाट बघत राहिला. कात्री म्हणाला, मी जोडायला बसलो तेव्हा मला ती मोकळी जागा वाटली. गप्प बसलेला माणूस काढायचा, हा माझा हात. ती काढली, तर प्रश्न नुसताच लोंबायला लागला, त्याला उत्तरच नाही. मग प्रश्नही काढला. किती सफाईदार झाली होती मुलाखत! आणि मूळ कॅसेटवर दुसऱ्याच दिवशी शाळेच्या खेळांचं शूटिंग केलं, आपण सगळ्याच कॅसेटी तशा पुन्हा पुन्हा वापरायचो. कुणी त्याला पैसे दिले नव्हते दादा, कुणी धमकावलं नव्हतं. त्याला वाटत होतं तो चांगलं काम करतोय.

मग त्याने तुझं सांगितलं. त्या दिवशी लोक निघून गेल्यावर तो तुझ्या पाया पडायला आला, तर तू त्याला म्हणालास, मी एकटा आहे, मी कुठेही जाईन. पण कात्री, तू याच घरांमधल्या लग्नांचं शूटिंग करून पोट भरतोस, आणि ती पोटुशी आहे. तिला कधी कळता कामा नये, तुझ्याशी तिचा संसार आहे. शप्पथ घातलीस म्हणे.

मी फार चिडले आहे. कात्रीवर चिडले हे तर झालंच. चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो बिचारा चहा करून माझ्यासमोर ठेवत होता आणि मी तो त्याच्यासमोर झाडांना घालत होते. पण तुझ्यावर त्याहून जास्त चिडले आहे. माझ्यासाठी म्हणून तू गाव सोडलंस, नाव घालवलंस, माझ्या मुलीला तिचा मामा वर्षातून एकदा परक्या स्टेशनवर भेटवलास, आणि मला कुणी विचारलं? दोघांनी ठरवलं आणि मोकळे झालात. चॅनलवर तुम्ही लिहिलेलं मी वाचायचे ते ठीक होतं, ती माझी नोकरी होती. पण घरातही मी इतकी वर्षं तुम्ही दोघांनी लिहिलेलंच वाचत राहिले आणि मला वाटत होतं, मी माझं बोलतेय. मला तेव्हा सांगितलं असतंस, तर मी कात्रीला सोडून गेले नसते रे. हाताला धरून त्याला जिन्यात उभं केलं असतं, आणि आपण तिघं मिळून शिव्या खाल्ल्या असत्या. तिघांत त्या कमी लागल्या असत्या.

पाचव्या दिवशी कात्री मला न सांगता मावशीकडे गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगून टाकलं. मग परत आला. मी विचारलं, काय म्हणाली? त्याने सांगितलं. ती म्हणाली, तू मूर्ख आहेस. पण मग इतकी वर्षं मी ताईच्या भावाला ज्या शिव्या घातल्या, त्या आता परत कशा घेऊ? तो काय ऐकतोय का इथे? त्याला बोलवा. मला त्याच्या तोंडावर बोलायचंय.

दादा, तुला ‘ये’ म्हणून मी आजवर शंभर कारणं दिली आणि तू शंभरही टाळलीस. त्यामागे माझा संसार होता हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि तो शाबूत आहे, म्हणून तुझी शप्पथ मी मोडून टाकते. कात्रीला हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगायचंय, गावाच्या देखत, आणि लेक ते फिल्ममध्ये घेणार आहे. रविवारी सकाळी खोलीत बसायचं ठरलंय. मावशी येणार आहे, गिरणीतले आणखी काही जण येणार आहेत, वेल्डरकाका दुकान बंद ठेवणार आहेत. पण कात्री एका गोष्टीवर अडून बसलाय. तो म्हणतो, प्रश्न दादाच विचारेल. दुसऱ्या कुणासमोर बसलो, तर मी पळवाट काढीन, दादासमोर मला काढता येणार नाही. तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. शनिवारच्या गाडीने ये. मी या वेळी स्टेशनवर येणार नाही, तुला रस्ता माहीत आहे, भर बाजारातून चालत ये. रविवारी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बस आणि विचारायचं ते विचार. त्याला मी ओळखते, सांगता सांगता तो मध्येच गप्प होईल. तेव्हा कीव येऊन पुढचा प्रश्न विचारू नकोस. थांब. लेकीला मी बजावून ठेवलंय, कॅमेरा चालू राहील.

तुझीच,
धाकटी